तुळजाबाईचा अबोला

कासारसाईच्या तुळजाबाईला कुणी हाक मारली आणि तिनं ओ दिली नाही, असं गावात कुणी पाहिलं नव्हतं. हाकेला गप्प राहणं म्हणजे माणसाचा अपमान, हे आईनं तिच्या मनात लहानपणीच बसवलेलं. आता हीच चांगली सवय तिच्या जिवावर उठली होती, आणि तिचा नवरा भैरू हॉस्पिटलच्या बाकावर कपाळाला हात लावून बसला होता.

त्याचं असं झालं. तुळजाबाईच्या डाव्या स्तनातली कॅन्सरची गाठ ऑपरेशन करून काढली होती. आता तिथं किरणं द्यायची. पण हृदयही तिथंच, अगदी लागून. म्हणून हात डोक्यावर घेऊन निजायचं, छातीभर श्वास घ्यायचा आणि वीस सेकंद रोखायचा. छाती फुगली की हृदय मागं सरकतं आणि किरणांच्या वाटेतून सुटतं. आता यात अवघड काय? पण मशीन चालवणारी जुईली बाहेरच्या खोलीतून माइकवर म्हणायची, "आजी, श्वास घ्या, रोखा," आणि आतून लगेच उत्तर यायचं, "व्हय गं बाय, रोखला!" झालं! सगळी हवा बाहेर.

"बोलू नका हो आजी!"

"न्हाई बोलत, न्हाई बोलत."

तीन दिवस हाच खेळ. आजही जमलं नाही तर साध्या श्वासावरच किरणं द्यावी लागणार होती, आणि त्यातली काही हृदयाला लागणारच होती. जुईली बाहेर येऊन म्हणाली, "आजोबा, कुणी बोलावलं तरी आजी गप्प बसतात, असं एक तरी माणूस आहे का हो?"

भैरूनं मान खाली घातली. "हाय की. मीच. दीड म्हैना झाला, माझ्याशी अबोला हाय तिचा."

कारण म्हैस. बायको ऑपरेशनला गेलेली असताना हा बहाद्दर तिची लाडकी चंद्री मारुंजी गावच्या विठ्ठलरावाला देऊन मोकळा झाला होता. चंद्री दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू देत नव्हती, तो तरी काय करणार? पण विचारायला तोंड नव्हतं का! तेव्हापासून तुळजाबाई घरातल्या भिंतीला सांगायची, "जेवाण वाढलंय म्हणावं."

जुईलीनं भैरूला हाताला धरून माइकपुढं बसवलं. तो चाचरत म्हणाला, "तुळजे, श्वास घे. रोख."

पडद्यावरची श्वासाची रेघ वर चढली आणि तिथंच थांबली. दहा. वीस. पंचवीस! आतून चकार शब्द नाही.

"सोड गं, सोड आता!" भैरूच घाबरला.

जुईली हसून हसून बेजार. "आजोबा, एवढंच करा. पंधरा दिवस भांडण मिटवू नका."

आली का पंचाईत! भैरूला तर कधी एकदा मिटवतो असं झालेलं. दुसऱ्याच दिवशी त्यानं विठ्ठलरावाच्या हातापाया पडून चंद्री परत मागून घेतली. पण घरी आणली तर बाई हरखून बोलायला लागणार! म्हणून म्हैस विठ्ठलरावाच्याच गोठ्यात राहिली. हॉस्पिटलला जाताना मारुंजी आली की, विठ्ठलरावानं वाटेत गाठून गुपित फोडू नये म्हणून, भैरू मोटारसायकल जोरात हाणायचा. एकदा तर तिनं त्याच्या ताटात शिरा वाढला. बाई विरघळतेय की काय! त्यानं घाईघाईनं तोंड वाकडं करून म्हटलं, "मीठ कमी हाय." तुळजाबाईनं भिंतीकडं पाहिलं आणि ओठ गच्च मिटले.

पंधराव्या दिवशी शेवटच्या वेळी श्वास रोखून झाला. माइक चालूच होता. भैरू माइकजवळ वाकला.

"सोड श्वास, तुळजे. झालं समदं. तुझं काळीज शाबूत हाय. आन माझं चुकलं गं. चंद्री परत घेतलीया मी."

मग आतून आवाज आला, "ठावं हाय. विठ्ठलरावाच्या बायकूनं पयल्याच आठवड्यात फोन केलता."

"आँ? मग बोलली का न्हाईस?"

"अन तुमच्याशी एकदा तोंड उघडलं असतं, तर हितं गप ऱ्हायले असते व्हय मी?" तुळजाबाई म्हणाली. "लई जड गेलं बघा. शिऱ्यात मीठ मागितलं तुमी, तवा तर जीभ चावून बसले."