घरची भाषा

तेओना सफरचंदाच्या फोडी युलेच्या डब्यात भरत होती, तेवढ्यात नोरा बाहेरून आली आणि पिशवीतली एक बाटली काढून तिने ओट्यावर ठेवली. आंबट आलुबुखाराची हिरवी चटणी. बाटलीवरची गोलगोल अक्षरं जॉर्जियाची, तेओनाच्या देशातली.

“स्टेशनजवळच्या रशियन दुकानात दिसली,” नोरा ओला कोट काढत म्हणाली. “म्हटलं, तुला आवडेल.”

तेओनाने आभार मानले, पण तिचा हात डब्यावर तसाच राहिला. कालच तिने आईला फोनवर सांगितलं होतं की इथल्या जेवणाला चव म्हणून नाही, चमचाभर ही चटणी मिळाली तर मी दगडसुद्धा खाईन. तेही जॉर्जियन भाषेत, स्वयंपाकघरात भांडी पुसता पुसता. जर्मनीतल्या ओल्डनबुर्गच्या या घरात ती भाषा कळणारं कोणी नव्हतं. नोरा जर्मन बोलायची, तिची पाच वर्षांची युलेही जर्मनच बोलायची.

योगायोग म्हणावा, तर हा काही पहिला नव्हता. नोव्हेंबरात तिने बहिणीला सांगितलं की रात्री पाय गारठतात, तर दोन दिवसांनी पलंगावर लोकरीचे मोजे. सात जानेवारीला, तिच्या घरच्या नाताळाच्या दिवशी, आज जर्मनच्या वर्गाला जाऊ नकोस, आराम कर, असं नोराने आपणहून सुचवलं होतं. नोरा औषधांच्या दुकानात नोकरी करायची. दिवसभर आजारी माणसांचे चेहरे बघणाऱ्या बाईला न सांगताही कळत असेल, अशी तेओनाने स्वतःची समजूत घातली. मग एकदा युले झोक्यावरून पडली आणि नोराच्या तोंडून “वाईमे!” निघालं. तेओनाच्या गावच्या बायका छातीवर हात ठेवून म्हणतात, अगदी तसंच. तेओना बघत राहिली.

“तुझ्याकडून युले शिकली, तिच्याकडून मी,” असं म्हणून नोरा हसली आणि मुलीचा गुडघा धुवायला आत गेली.

असेलही. पण आपण हा शब्द युलेसमोर कधी उच्चारला होता, ते तेओनाला आठवेना.

बावीस वर्षांची तेओना जॉर्जियातल्या झेस्ताफोनीहून आली होती. व्हिसा ‘ओ पेअर’चा, म्हणजे एका कुटुंबात घरच्यासारखं राहायचं, आठवड्याला तीस तास मुलीचं बघायचं, थोडंफार घरकाम करायचं आणि उरलेल्या वेळात भाषा शिकायची. वर्ष पुरं झालं आणि जर्मनची परीक्षा पास झाली की तिला नर्सिंगच्या शिक्षणाला अर्ज करायचा होता. नोराचा घटस्फोट होऊन तीन वर्षं झाली होती. बाई सरळ होती, पण बोलणं मोजून मापून. घरात सगळे एकमेकांना नावाने हाक मारत. तेओनाला ते जमायचं नाही. ती ‘तुम्ही’ म्हणायची आणि नाव घ्यायची वेळ आली की खाकरायची.

तिचा व्हिसा सहा महिन्यांचा होता. पुढच्या सहा महिन्यांचं कार्ड इथल्या परदेशी नागरिकांच्या कचेरीतून मिळायचं. फेब्रुवारीत कचेरीचं पत्र आलं की मूळ कागद घेऊन दोघींनी समक्ष यावं. नोराने ते दोनदा वाचलं, फ्रिजवर चुंबकाखाली लावलं, मग काढून पर्समध्ये ठेवलं.

“नेहमीचंच असतं,” ती म्हणाली.

पण जायच्या दिवशी कोटाची बटणं लावायला तिला फार वेळ लागला.

कचेरीतले ब्र्युनिंग नावाचे अधिकारी पन्नाशीचे होते, आवाज मऊ. त्यांनी तेओनाला वर्गाबद्दल विचारलं, तिच्या जर्मनचं कौतुक केलं, मग नोराकडे वळून फायलीतला एक कागद वर काढला.

“हेलविगबाई, अर्जात तुम्ही मातृभाषा जर्मन लिहिलीय. ओळखपत्रावर मात्र जन्मगाव कुतैसी आहे.”

तेओनाने मान वळवून नोराकडे पाहिलं. कुतैसी म्हणजे झेस्ताफोनीहून तासाभराचीसुद्धा वाट नाही. आईच्या डोळ्यांचे डॉक्टर तिथले.

“दहा वर्षांची असताना आईबरोबर आले,” नोरा म्हणाली. “आई गेली. भाषाही राहिली नाही. वापरली नाही की जाते.”

ब्र्युनिंगनी मान हलवली आणि तेओनाला नियम समजावून सांगितला. जर्मन ही यजमानीणबाईंची मातृभाषाच असेल तर प्रश्न नाही. पण ती नुसती घरात बोलायची भाषा असेल, तर त्यांच्याच देशातली मुलगी त्यांना ठेवता येत नाही. मुलीने इथे यावं ते जर्मन घर अनुभवायला. आपल्याच माणसांत राहून ती काय शिकणार?

तेओनाने पुन्हा सांगायला सांगितलं. त्यांनी पुन्हा, सावकाश सांगितलं. शब्द सगळे कळले, तरी तिच्या डोक्यात काही बसेना. बाई तीच, घर तेच. भाषा विसरली असेल तर ती नियमात बसते आणि आठवत असेल तर बसत नाही.

“नाही बसलं, तर?” तिने विचारलं.

“दोन आठवड्यांत दुसरं घर शोधायचं. नाहीतर परत जायचं.” त्यांनी पेन खाली ठेवलं. “हेलविगबाई तुमच्याशी जॉर्जियन बोलतात का?”

“एक शब्दही नाही,” तेओना म्हणाली. ते खरंच होतं. पण बोलत नसल्या, तरी कळत असेल तर? आपण काय काय बोललो होतो त्या स्वयंपाकघरात! ही बाई म्हणजे थंडगार मासळी आहे, नवरा उगाच नाही सोडून गेला, असं ती ऑक्टोबरात आईला हसत हसत म्हणाली होती. दुसऱ्या दिवशी नोराचे डोळे सुजलेले होते. सर्दी झालीय, म्हणाली होती.

ब्र्युनिंग खुर्चीत मागे रेलले. “असं करा. त्यांच्याशी तुमच्या भाषेत काहीतरी बोला. काहीही. मला फक्त बघू द्या.”

आज पाऊस आहे, एवढंच म्हणायचं तेओनाने ठरवलं. पण नोराकडे तोंड केलं आणि तिच्या तोंडून जॉर्जियनमध्ये भलतंच निघून गेलं.

“पहिल्या दिवसापासून ऐकताय ना तुम्ही? सगळं?”

नोरा तिच्याकडे बघत होती. दुकानात एखादं अनोळखी गिऱ्हाईक पुटपुटलं, तर बघावं तसं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मांडीवरच्या पर्सचा बंद मात्र तिने बोटाला इतका गुंडाळला होता की बोटाचं टोक पांढरं पडलं होतं. टेबलाच्या पलीकडून ते दिसण्यासारखं नव्हतं.

“काय म्हणाल्या या?” ब्र्युनिंगनी विचारलं.

“कळलं नाही,” नोरा म्हणाली. “क्षमा करा.”

त्यांनी तेओनाकडे नजर वळवली. “काय विचारलंत तुम्ही?”

“संध्याकाळी जेवायला काय करायचं,” तेओना म्हणाली.

ब्र्युनिंग दोघींकडे आळीपाळीने बघत राहिले. मग त्यांनी फाईल मिटली आणि कार्ड चार आठवड्यांत पोस्टाने येईल, असं सांगितलं. त्यांचा विश्वास बसला, की त्यांना तेवढंच पुरे होतं, हे तेओनाला कळलं नाही.

बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. नोरा काचेतून बाहेर बघत होती. तेओनाला तिचा राग यायला हवा होता आणि येतही होता. पण राग धरावा तर पायात तिनेच दिलेले मोजे होते. चोरून ऐकणाऱ्या माणसाचे आभार मानतात का? आणि हिला परक्या मुलीच्या तक्रारीच ऐकायच्या होत्या, तर मुद्दाम तिकडचीच मुलगी कशाला शोधली? एवढा धोका कशासाठी पत्करला? विचारायचं तर जर्मनमध्ये विचारावं लागणार, आणि नोरा जर्मनमध्ये काय उत्तर देईल, ते तिला आत्ताच ऐकू येत होतं. दोघी आपल्या थांब्यावर उतरल्या. नोराने छत्री उघडून अर्धी तिच्या डोक्यावर धरली. तेओना छत्रीबाहेर सरकली नाही, आतही आली नाही.

घरी आल्यावर नोरा पालक धुवायला लागली. युलेला आणायला अजून दोन तास होते. तेवढ्यात तेओनाचा फोन वाजला. आईचा. ती फोन घेऊन मागच्या अंगणात गेली, दार ओढून घेतलं आणि भुरभुरत्या पावसात उभी राहिली. काम झालं, एवढं सांगितल्यावर पुढे काय बोलावं ते तिला सुचेना. आई विचारत होती, आणि ती नुसती हं हं करत होती.

मागे दार उघडलं.

“भिजतेयस,” नोरा जर्मनमध्ये म्हणाली. “आत ये. इथेच बोल.”

ती पुन्हा पाठ करून नळापाशी गेली. तेओना उंबऱ्याशी घोटाळली. मग आत येऊन टेबलापाशी बसली.

“कोण बोललं?” आईने विचारलं.

“घरातली बाई.”

“जवळच आहे? मग तिच्याबद्दल काही बोलू नकोस हं.”

तेओनाने नोराच्या पाठीकडे पाहिलं. केसांचा अंबाडा सुटायला आला होता.

“तू बोल बिनधास्त,” ती म्हणाली. “तिला एक अक्षर कळत नाही.”

मग तिने फोन टेबलावर ठेवला आणि स्पीकर चालू केला. आई सांगू लागली. काल डोळे दाखवायला कुतैसीला गेले होते. नदीला पाणी आलंय. बाजारात अजून त्याच म्हाताऱ्या बायका रानभाज्यांच्या जुड्या मांडून बसतात, आणि एकीने तर मला, कुणाची गं तू, असं विचारलं.

नोराने नळ बंद केला.