शेडचे दार

वाचकहो, माझे थोरले बंधू हॉलिस यांनी ट्रक निवडताना कोणती चूक केली, आणि ती घडू देण्यात माझा स्वतःचा वाटा किती होता, हे मी येथे यथामती व काहीही न लपवता निवेदन करणार आहे.

आम्ही वायोमिंगचे. माझे टायरचे दुकान, दादाची गुरे. त्या हेमंतात सोळा गाई ट्रेलरमध्ये भरून घाटापलीकडच्या बाजारी न्यावयाच्या होत्या, म्हणून नवा ट्रक घेणे अगत्याचे झाले. मागे प्रत्येक बाजूस दोन-दोन चाके असलेला जोडचाकी घे, असे मी त्यास विनविले. अशा ट्रेलरचा भार ट्रकच्या पाठीवर बसतो. एक टायर फुटले तर शेजारचे तोलून धरते.

परंतु जोडचाकीचे बूड रुंद आणि आमच्या शेडचे दार अरुंद. ती शेड वडिलांनी रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरांचे खांब रोवून स्वहस्ते उभारलेली. हिवाळ्यात डिझेलचा ट्रक उघड्यावर राहिला तर सकाळी चालू होत नाही. व्हर्नावहिनींनी एक खांब हातभर सरकविण्यास सुचविले.

"बाबांचा खांब उपटू? त्यापेक्षा ट्रकलाच सांग, बूड कमी कर म्हणून," दादा म्हणाला.

"बाबांचा ट्रक चार गाई ओढायचा, हॉलिस. तू सोळा ओढणारेस," वहिनी म्हणाल्या.

त्याने एकेरी चाकांचाच घेतला.

निघण्याच्या दिवशी सकाळी तो गाई भरून माझ्याकडे हवा भरण्यास आला. टायरच्या कडेवर भाराची मर्यादा लिहिलेली असते. ती मी वाचली, आणि मागची टायरे किती दबली आहेत तेही पाहिले. दुकानाची पत्र्याची पाटी वाऱ्याने आडवी झाली होती. आत गाई एका अंगास सरकल्या, तसा ट्रकचा मागचा भाग सावकाश डुलला. निम्म्या गाई उतरव, दोन फेऱ्या कर, असे मी म्हटले.

"तू टायर विकतोस की भीती रे?"

मी हसलो. आणि हवा मापकाच्या शेवटच्या खुणेपर्यंत भरून दिली.

दुपारी शेरीफच्या माणसाचा फोन आला. उतारावर मागचे डावे टायर फुटले, ट्रेलरने ट्रकला ढकलत दरीत नेले. दादा जागीच गेला होता.

वहिनींना सांगण्यास मी घरी गेलो. त्या शेडपाशी पहार घेऊन घामाघूम उभ्या होत्या. वडिलांचा खांब मुळासकट आडवा पडला होता.

"बघ एमेट, निघाला एकदाचा," त्या म्हणाल्या. "पुढचा ट्रक रुंदच घ्यायचा. हॉलिस आला की आधी तूच त्याला सांग, मला ओरडेल तो."

मी त्यांच्या हातून पहार घेतली.

एवढेच सांगावयाचे होते. आपण अखेरपर्यंत वाचलेत, याबद्दल एमेट प्रुइट, टायरवाला, आपला मनापासून ऋणी आहे.