पळी कुणाच्या हातात

मी गोदाअक्काची पळी बोलतेय. हातभर दांड्याची, पितळेची, आतून कल्हई केलेली. इथं चेन्नईत मला करंडी म्हणतात. आमच्या तंजावरकडच्या मराठी घरांत पळीच. काहीही म्हणा, पण आज माझं ऐकून घ्या. जिवाला घोर लागलाय माझ्या.

जन्म माझा कुंभकोणमचा. एका म्हाताऱ्या कारागिरानं मला ठोकून ठोकून आकार दिला. गोदाअक्काच्या सासूनं मला विकत घेतलं आणि नव्या सुनेच्या हातात ठेवलं. पुढं गोदाअक्काचा नवरा गेला, तेव्हा तिरुवल्लिकेणीच्या दोन खोल्यांत ती आणि मी उरलो. आसपासच्या मॅन्शनांत एकटे राहणारे नोकरदार होते, त्यांच्यासाठी ती रांधू लागली. मग बारशी, मग मुंजी, मग मोठ्या पंगती.

पुरुष आचारी हसायचे. बायकांनी घरचं करावं म्हणायचे, तीनशे पानं त्यांच्यानं उरकायची नाहीत. गोदाअक्का एकेक बाई जमवत गेली. आज नऊ आहेत.

आणि नुसतं कामाला नाही लावलं हो तिनं. दर मंगळवारी दुपारी कॉफी करून सगळ्यांना बसवायची. गेल्या पंगतीत जिचं जे चुकलं ते तिनं सांगायचं, बाकीच्यांनी हसायचं नाही, आपण काय केलं असतं ते बोलायचं. कौमुदी साताऱ्याची, नवरा रेल्वेच्या कारखान्यात. गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं ते ती शिकवायची. "आधी पानं किती ते लिहून घ्यायचं, मग हसायचं. तुम्ही सगळ्या उलटं करता!" त्यांतलीच कनका तिला बाजारात तमिळमध्ये भांडायला शिकवायची. कौमुदीचं तमिळ ऐकून भाजीवालाच भाव उतरवायचा, हसून हसून.

नियम एकच. ज्या बाईच्या हातात पळी, त्या दिवशी तिचा शब्द. भातावर हिचा, पायसावर तिचा. पण मोठ्या हंड्याची पळी म्हणजे मी, अख्ख्या पंगतीची, ती वीस वर्षं गोदाअक्काच्याच हातात राहिली.

मग तिचे गुडघे गेले. सत्तरी उलटली. चुलीपुढं उभं राहवेना. तेव्हा एका मंगळवारी तिनं मला कनकाच्या मांडीवर ठेवलं.

"अड्यारची साठीशांत तू करायची," म्हणाली.

कनका चाळिशीची. आली तेव्हा मान वर करून बोलत नसे, नुसती वाटण वाटायची. "अक्का, मी? कौमुदीला द्या की."

"कौमुदीचं पुढं बघू. तू कर."

बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. कारण सगळ्यांना माहीत होतं काय पणाला लागलंय. राघोत्तम म्हणून मोठा आचारी आहे. त्यानं निरोप धाडला होता: गोदाअक्का आता थकल्या, तुम्ही सगळ्या माझ्याकडे या, चिरायला-सोलायला. बायकांनी ठरवलं होतं, अक्काशिवायची पहिली पंगत पार पडली तर आपलं आपण चालवू. नाही पडली तर राघोत्तमाकडे जाऊ. म्हणजे पुन्हा खाली बसायचं, पुन्हा मान खाली.

त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला.

साठीशांत प्रतापसिंह मामांची होती. बँकेतून निवृत्त झालेले, जुन्या तंजावरी घरातले, जिभेचे फार कडक. अड्यारचा हॉल, तीनशे पानं. आणि मामांनी काय करावं? राघोत्तमालाच पाहुणा म्हणून बोलावलेलं. तो सकाळपासून स्वैपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसला.

"चालू दे, चालू दे. मी नुसता बघतोय," म्हणाला.

आता आमची एक रीत सांगते, म्हणजे पुढचं समजेल. देवकार्याचा स्वैपाक नैवेद्य दाखवायच्या आधी चाखायचा नाही. बोटसुद्धा जिभेला लावायचं नाही. मीठ मोजून घालायचं आणि वाफेच्या वासावरून ओळखायचं. गोदाअक्कानं कनकाला हे सहा महिने शिकवलं होतं, वाफ हुंगायला लावून लावून.

कनकानं प्रत्येक हंड्याचं मीठ मोजून पानावर काढून ठेवलं होतं. सांबाराला उकळी आली, तिनं मीठ घातलं, मला दोनदा फिरवलं. तेवढ्यात मामांच्या बायकोनं, मामींनी हाक मारली, ती बाहेर गेली.

आणि गोदाअक्का उठली.

कोपऱ्यात स्टुलावर बसली होती, बघायला म्हणून, पण तिथून तिला कनकाची पाठच दिसत होती. गुडघे धरत आली, बरणीत हात घातला आणि दोन मुठी मीठ हंड्यात टाकलं. मला धरून ढवळलं. पुन्हा जाऊन बसली.

अगं बाई, घातलंय गं मीठ! मी आतून ओरडत होते. पण पळीला वाचा कुठली? सांबार रटरटत होतं आणि मी त्यात उभी.

कनका परत आली. मला हातात घेतलं. वाकून वाफ नाकाशी घेतली आणि थांबली. पुन्हा वास घेतला.

"सांबारात मीठ कुणी घातलं?"

विळीवरचे हात थांबले. दारातला राघोत्तम पुढं वाकला.

"कौमुदी?"

"नाही गं. मी पचडी करत होते."

एकेकीला नाव घेऊन विचारलं. आठ वेळा नाही आलं. मग ती स्टुलाकडे वळली. वीस वर्षांत असं कुणी केलं नव्हतं.

"अक्का, तुम्ही?"

"मला विचारतेस?"

"बाकीच्या अस्क्या, आठही, विचारून झाल्या. आता तुम्हीच राहिलात."

गोदाअक्काचं तोंड उतरलं. मला वाटलं, आता नाही म्हणेल. म्हणाली असती तर सगळ्यांनी तिचंच खरं मानलं असतं, आणि कनका त्या क्षणीच संपली असती.

"घातलं. दोन मुठी," गोदाअक्का म्हणाली. "तू बाहेर गेलीस. वाटलं, घाबरून विसरली असशील."

"विसरले नव्हते."

"होय. माझंच चुकलं."

राघोत्तम उठलाच. "बटाटे टाका की चार. मी सांगतो कसं ते."

"बटाट्यानं एवढ्याला काय होणार, अण्णा? तुम्ही पाहुणे आहात, बसा." आणि कनकाचा आवाज एकदम चढला. "कौमुदी, जादा डाळ आणलीस ना? सगळी शिजायला लाव. अर्धं सांबार त्या रिकाम्या हंड्यात काढा. चिंच कोळा. दोन्हीत मिठाचा खडा पडता कामा नये. तासाभरात नैवेद्य आहे."

आठच्या आठ बाया हलल्या. कुणी गोदाअक्काकडे बघून परवानगी घेतली नाही. तीच उठून कनकासमोर आली.

"मी काय करू?"

कनकानं पानांचा भारा पुढं सरकवला. मग म्हणाली, "केळीची पानं पुसायचीत, अक्का."

गोदाअक्का खाली बसली आणि पानं पुसायला लागली.

नैवेद्य झाला, पंगत बसली. पहिला घास मामांनी घेतला तेव्हा बायका दाराआड उभ्या. मामा चावत राहिले, चावत राहिले.

"डाळ पुढं आलीय आज," म्हणाले. "कोण आहे इथं मुख्य?"

कनका मला घेऊनच पुढं गेली. "मी, मामा. मीठ दोनदा पडलं, म्हणून डाळ वाढवली. माझ्या स्वैपाकघरात झालं, चूक माझी."

कुणाचं नाव घेतलं नाही तिनं. मामांनी तिच्याकडे नीट पाहिलं, "सरि", म्हणजे ठीक, म्हणाले आणि भात कालवला. झालं. चांगलं नाही, वाईट नाही. राघोत्तम जाताना हसून गेला.

नंतरचे तीन दिवस कसे काढले ते मलाच ठाऊक. चौथ्या दिवशी मामींचा फोन आला. मुलीचं लग्न काढलं होतं, आणि त्या दिवशीचं स्वैपाकघरातलं बोलणं त्यांच्या कानावर गेलं होतं. गोदाअक्कानं फोन उचलला तर म्हणाल्या, "तुम्ही नको. ती मीठ विचारणारी बाई आहे ना, तिला द्या."

गोदाअक्का फोन घेऊन जिना उतरली, गुडघे धरत, आणि गल्ली ओलांडून कनकाच्या घरी गेली.

तेव्हापासून मी कनकाकडे असते. पंच्यात गुंडाळून मेट्रोतून फिरते. दारावरचे शिपाई पिशवी उघडायला लावतात आणि मला बघून हसतात. दांड्याची कडी सैल झालीय, कल्हई उडालीय, पण माझी काळजी ती नाही.

उद्या त्याच अड्यारच्या हॉलमध्ये बारसं आहे, आणि कनकानं पहिल्यांदाच पंगत कौमुदीला दिलीय. सकाळपासून बघतेय, कनकानं तीन वेळा फोन करून विचारलं, "चिंच भिजवलीस ना? किती?" आता मला घासतेय आणि पुटपुटतेय, मी जाईन, नुसती कोपऱ्यात बसेन.

नको गं कनके, बसू नकोस. मला कौमुदीच्या हातात दे आणि बाहेर पड. समुद्र तिथून दोन पावलांवर आहे. वाळूत जाऊन बस, भाजलेलं कणीस खा. आत काही बिघडलं तर तुला कळणार नाही, आणि तेच बरं आहे. कौमुदी विचारेल, ओरडेल, सावरेल. मी आहे ना तिच्याजवळ.