पिसुपोच्या नख्या

मांजर हा प्राणी मला कधीच आवडला नाही. चार पायांत मिळून अठरा नख्या, आणि एकीचाही धड उपयोग नाही. समोरून उंदीर गेला तर आमच्या घरातली मांजरी जांभई देते, पण चटई दिसली की अंगात आल्यासारखी धावते. तिचं नाव पिसुपो. पिसुपो म्हणजे आमच्या बेटावर डब्यातलं गोमांस. माझ्या धाकट्या नणंदेनं, वाईलिलीनं, लाडानं ठेवलंय. मला विचारलं असतं तर मी सैतान ठेवलं असतं.

साध्या चटईला हात लावला असता तर मी गप्प बसले असते. पण ही होती केवड्याच्या पातीची तलम चटई, चौदा महिने विणलेली. शनिवारी माझ्या भावाला कुळाच्या प्रमुखाची पदवी मिळणार होती आणि ती चटई सगळ्या गावासमोर उलगडून मिरवायची होती. माहेरचं नाक त्या चटईवर! आणि सोमवारी बघते तर एका कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागी वीण उपसलेली.

"वाईलिली! तुझी लाडकी आज मरते माझ्या हातून!"

"वहिनी, मुका जीव आहे गं तो."

"मुका? नखांनी बोलतो की चांगला!"

मी वीण सारखी केली. मंगळवारी पुन्हा तीच जागा. आता मात्र मला रागापेक्षा नवल वाटायला लागलं. एवढी मोठी चटई सोडून तिथेच का? मी चटई फिरवून ठेवली, तर बाई वळसा घालून बरोब्बर त्याच कोपऱ्यावर. शेजारी दुसरी चटई अंथरली, तिच्याकडे ढुंकून बघितलं नाही. मी पालथी पडून तो कोपरा न्याहाळला. काही दिसेना.

"आता तूही नख्या काढणार का?" वाईलिली हसली.

मला नाही हसू आलं. बुधवारी चटई उचलून, आम्ही गावातल्या बायका मिळून विणतो त्या विणकामघरात नेली आणि सगळ्या बायकांसमोर सांगितलं, या मांजरीला पोत्यात घालून डोंगरावरच्या अळूच्या मळ्यात सोडायची. विणणाऱ्या गटाची मुख्य मीच, कोण नाही म्हणणार? पोतं आलं. वाईलिली पिसुपोला छातीशी धरून रडायला लागली.

"कोपरा इकडे आण," गटातली सगळ्यात म्हातारी सालाफाई आजी म्हणाली. तिला डोळ्यांनी फारसं दिसत नाही. तिनं बोटं फिरवली, मग वाकून वास घेतला.

"मातालेना, मासा तळलेला होता की डब्यातला?"

मातालेना म्हणजे मीच, आणि तो कोपरा माझ्याच हातचा होता. विणकामघरात खायचं नाही, हाताचं तेल पातीला लागतं, हा नियम मीच काठीसारखा धरून बसलेली. वाईलिलीनं एकदा केळ्याचा एक घास खाल्ला, तर आठवडाभर सगळ्यांसाठी कोको करायला लावला होता मी तिला. आणि दोन महिन्यांपूर्वी, सगळ्या मयताला गेलेल्या असताना, भूक आवरेना म्हणून मी तिथेच विणता विणता माशाचा एक डबा फोडून खाल्ला होता. बोटं लुंगीला पुसली की झालं, असं वाटलं होतं.

अजूनही मांजरीवर ढकलता आलं असतं. पोतं उघडंच होतं.

"डब्यातला," मी म्हणाले.

 मग सालाफाई आजी खो खो हसली आणि सगळ्याच सुटल्या. "उसव," आजी म्हणाली. काठापासून उसवून सहा जणींनी शुक्रवार दुपारपर्यंत नवी वीण घातली. वाईलिली माझ्या शेजारी बसून पाती चिरत होती.  शेवटी हळूच म्हणाली, "वहिनी, तो कोको मी एकटीनं ढवळायचे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी उठले आणि भांडं चुलीवर चढवलं.

शनिवारी चटई उलगडली तेव्हा वाऱ्यावर अशी हलली की माझ्या भावाचे डोळे भरून आले. महिनाभर कोको माझ्याकडे आहे.

मांजरं मला आजही आवडत नाहीत. नख्या एक वेळ सोसेन, पण चहाडखोरपणा? म्हणून आता मासा खायचा झाला, की डोकं आधी पिसुपोला देते.