स्वीडनचा म्हणून लावलेला बँड

हेमचंद्ररावांच्या गाडीत बसायचं तर पावणेसहाला दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्सच्या गेटाशी उभं राहायचं, एसीच्या बटणाला हात लावायचा नाही, आणि अबुधाबी येईपर्यंत ते लावतील ते ऐकायचं. ते लावतात सत्तरच्या दशकातले हार्ड रॉक बँड. तुम्ही नाव ऐकलेला बँड त्यांच्या लेखी बँडच नसतो. एक एलपी काढून बुडालेले, गिटारवाला पुढे पोस्टात चिकटलेला, ड्रमवाला मेंढ्या पाळतोय, असे पाहिजेत. पायाला ब्लूजची दुखरी चाल आणि त्यावर ॲम्प फाटेस्तोवर चढवलेला आवाज. हे सगळं माणूस पुरता जागा व्हायच्या आत.

बसने जाता येतं, असं आम्ही तिघं प्रवासी दर सहा महिन्यांनी एकमेकांना सांगतो. बसने कोणी जात नाही.

गाणं संपलं की मार्क द्यायचे, दहापैकी. मी बँकेत इंटर्नल ऑडिटला, म्हणून वही माझ्याकडे. तारीख, बँड, देश, साल, तिघांचे मार्क. चार वर्षांत तीनशे अठरा बँड झाले. ती वही वाचली तर बँडपेक्षा माणसंच जास्त कळतात. विनिता एका हॉस्पिटलात एचआरला आहे. ती सगळ्यांना पाच देते, तिच्या अप्रेझलमध्येही कोणी कधी नापास झालेला नाही. आयटीतला परेश एकतीस वर्षांचा. पहिल्या वर्षी तो तीन द्यायचा, आता आठ देतो. माणसाला रोज तीन तास गाडीत कोंडलं की काहीही आवडायला लागतं, लग्नाचंही तसंच आहे म्हणतात. मी सहाच्या वर सहसा जात नाही. सात दिले ते दोनदा.

हेमचंद्रराव स्वतः मार्क देत नाहीत. ते फक्त शोधतात. अठ्ठावन्न वर्षांचे, एका काँट्रॅक्टिंग कंपनीत खरेदी खात्याचे मॅनेजर, मूळचे मिरजेचे. दिवसभर सिमेंटची कोटेशनं बघणार आणि जेवणाच्या सुट्टीत फिनलंडातल्या कुठल्यातरी म्हाताऱ्याला मेल टाकून विचारणार, की तुमच्या गावच्या बँडची टेप कोणाच्या माळ्यावर आहे का. मुलगी ईशानी कॅनडात शिकते. ती फोनवर सांगते, "बाबा, धिस इज नॉट अ पर्सनॅलिटी."

गेल्या वर्षी नियमात एक कलम वाढलं. हल्ली नेटवर यंत्राने बनवलेले 'हरवलेले' बँड रग्गड झालेत; कव्हर खोटं, इतिहास खोटा, वर कॅसेटची खरखरसुद्धा खोटी. परेशने असाच एक आणला होता, बर्मिंगहॅमचा म्हणून. हेमचंद्ररावांनी चार मिनिटांत पकडला. "हा ड्रमवाला दमत नाही," म्हणाले. "माणूस तिसऱ्या मिनिटाला दमतो." मग त्यांनीच मला कलम सांगितलं: बनावट निघालं तर वहीतून नोंद काट, मार्क रद्द, आणि आणणाऱ्याची सहा महिने गाणी बंद. "मलाही लागू, छायाबाई. लिहा."

मी लिहिलं. माणसं स्वतःसाठी पिंजरा बनवतात तेव्हा मोजमाप फार चोख घेतात.

आता सांगते ते तीनशे एकोणिसाव्या बँडबद्दल, ज्याचे मार्क हेमचंद्ररावांना खरोखर हवे होते.

फेब्रुवारीतला मंगळवार. जबल अली मागे पडलं आणि ते म्हणाले, "स्वीडन. माल्मो. त्र्याहत्तर." बस, एवढंच. एरवी बेस वाजवणाऱ्याच्या सासऱ्याचा धंदासुद्धा सांगणारा हा माणूस, तीन शब्दांत गप्प. मी पुढे वाकून बघितलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर, शाळकरी मुलासारखे. काटा शंभरावर.

गाणं सहा मिनिटांचं. टेपची खरखर भरपूर, गाणाऱ्याचं इंग्रजी अडखळतं; पण स्वीडनच्या माणसाचं अडखळणारच. ड्रमवाला तिसऱ्या मिनिटाला दमला. आणि गिटार. गिटारच्या प्रत्येक सुराला मागे एक गुणगुणती शेपटी होती, तार सोडल्यावरही सूर हवेत उघडत जात होता. मी हातातला कॉफीचा कप खाली ठेवला.

"नऊ," परेश म्हणाला. "सर, हे कुठे लपलं होतं?"

विनिता खिडकीबाहेर बघत होती. "माझे आठ," ती म्हणाली. चार वर्षांत तिचा पहिला आठ. वहीत तो मला दोनदा लिहून बघावासा वाटला.

"छायाबाई?"

"अजून ठरत नाहीत."

"मग कधी ठरतील?"

"घाई आहे का काही?"

"नाही नाही," हेमचंद्रराव म्हणाले. "सहज विचारलं."

सहज विचारणाऱ्या माणसाच्या कानाच्या पाळ्या लाल होत नाहीत.

बुधवारी परेश मागच्या सीटवर चढला तोच हसत. "सर, तुमचा माल्मो मी चेक केला. नेटवर नावच नाही. मग ते एक सॉफ्टवेअर आहे ना, ओरिजिनल की मशीनचं ते सांगतं, त्याला काल फोनवर टेप केलेलं ऐकवलं. सत्त्याऐंशी टक्के मशीन. अननॅचरल हार्मोनिक्स, असं लिहून आलंय."

"सॉफ्टवेअर काय, काहीही बोलतं," विनिता म्हणाली.

"माझ्या बर्मिंगहॅमच्या वेळी बोललात तुम्ही असं? सहा महिने माझ्या गाण्याच्या जागी अरबी बातम्या लागल्या, विनिताताई." परेश पुढे वाकला. "सर, फक्त एक कव्हरचा फोटो दाखवा. लेबलचं नाव. कोण वाजवतंय तेवढं तरी."

"दाखवतो."

"कधी? नाहीतर नोंद काट."

"उद्या," हेमचंद्रराव म्हणाले. "मार्क उद्यापर्यंत राहू देत, छायाबाई."

गाणी बंद होतील याचं त्यांना काही नव्हतं. त्यांना ते नऊ आणि आठ वहीतून जाऊ द्यायचे नव्हते. त्या दिवशी त्यांनी काहीच लावलं नाही. दीड तास टायरचा आवाज ऐकत गेलो, आणि विनिताने दोनदा जांभई दिली ती कोणालाच आवडली नाही.

गुरुवारी धुकं पडलं. इथलं फेब्रुवारीचं धुकं म्हणजे गाडीवर कोणी पांढरं फडकं टाकावं तसं. चौघांचे फोन एकदम किंचाळले, सरकारी इशारा आला, रस्त्यावरच्या पाट्या ऐंशीवर उतरल्या. घंतूतच्या अलीकडे पुढे कुठेतरी गाड्या एकमेकींवर गेल्या होत्या. आम्ही थांबलो. पुढे दोन लाल दिवे, मागे दोन पांढरे, बाजूला ट्रकचं एक चाक. बाकी जगच नव्हतं.

पंधरा मिनिटं झाली. विनिताने ऑफिसात कळवलं. परेशने खजूर वाटले.

"खलास," तो म्हणाला. "आता कुठे पळणार, सर? पुरावा काढा."

हेमचंद्ररावांनी खजुराची बी कागदात गुंडाळली, कागदाची घडी घातली, तिची आणखी एक घडी घातली. "नाहीये," म्हणाले. "कव्हर नाही. लेबल नाही."

"मग छायाताई, मारा काट."

मी वही उघडली नाही. आठ वर्षं मी गाणं शिकले होते, ठाण्याला. गाणं काही आलं नाही. तंबोरा मात्र लावता यायला लागला. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर, तारेखाली सुताचा दोरा असतो. तो केसभर इकडे-तिकडे सरकवला की तार नुसती वाजायची थांबते आणि बोलायला लागते. त्या बोलण्याला जवारी म्हणतात. माझ्या गाण्याच्या बाई म्हणायच्या, दोरा सापडला की हात मागे घे, श्वाससुद्धा हळू घे.

"पुन्हा लावा ते," मी हेमचंद्ररावांना म्हणाले. "दुसऱ्या मिनिटापासून." त्यांनी लावलं. "परेश, ही गुणगुण ऐकतोस? हेच तुझ्या सॉफ्टवेअरला अननॅचरल वाटलं. त्याने कधी तंबोरा ऐकला नसेल. या गिटारला तंबोऱ्याची घोडी बसवलीय, आणि खाली दोरा आहे. हे यंत्राचं नाही. हाताचं आहे."

"स्वीडनमध्ये तंबोरा?" विनिता म्हणाली.

"स्वीडनमध्ये नाही. तंबोरे कुठे बनतात?"

विनिता माझ्याकडे बघत राहिली. मग तिने हेमचंद्ररावांच्या मानेकडे बघितलं. "अगं बाई," ती हळूच म्हणाली. "मिरज."

गाणं चालूच होतं. हेमचंद्ररावांनी आवाज थोडा कमी केला, बंद नाही केला.

"त्र्याहत्तरही नाही," ते म्हणाले. "नव्वद. आम्हाला सगळं वीस वर्षं उशिरा पोचायचं. गिटार मी वाजवतोय. माझ्या गिटारची घोडी तुटली, नवीन मिळेना. गाणारा माझा मित्र, राहिल नाव त्याचं. त्याच्या घरी पाच पिढ्या तंबोरे बनवतात. तो म्हणाला, दे इकडे, मी बसवतो. एका दुपारी बसवली. मी वाजवून बघितलं आणि अर्धा तास आम्ही दोघं तोच एक सूर छेडत बसलो. त्याच आठवड्यात त्यांच्या गोदामात टेप केलं. तंबोऱ्याचे भोपळे टांगलेले होते वर, त्यांच्याखाली."

"आणि मग?" परेशचा आवाज बदलला होता.

"मग काय. माझा व्हिसा आला. राहिल म्हणाला, थांब वर्षभर, यात काहीतरी आहे. मी म्हटलं, यात काय आहे? असे बँड जगात पन्नास हजार पडलेत." ते थोडं हसले. "ते मात्र खरं निघालं. तीनशे तर मीच तुम्हाला ऐकवले."

मागचा कोणीतरी हॉर्न वाजवत होता, उगाच. कोणी कुठे जाणार नव्हतं.

"तीन आठवड्यांपूर्वी त्याच्या मुलीला, एमानला, कॅसेट सापडली. तिने फाइल पाठवली. खाली राहिलने लिहिलंय, तू इतके बँड ऐकतोस, आता तूच सांग, आपण कसे होतो. मी काही कळवलं नाही अजून."

"तुम्हाला नाही का कळलं, ऐकून?" विनिताने विचारलं.

"मला कसं कळणार? मला तर भोपळे दिसतात."

"मग आम्हाला सरळ सांगायचं होतं, तुमचं आहे म्हणून."

"तुम्ही काय केलं असतं, विनिताबाई? मंडळाच्या कार्यक्रमात पाटीलसाहेब माउथ ऑर्गन वाजवतात तेव्हा करता तेच. वा साहेब, वन्स मोअर साहेब. मला स्वीडनचे मार्क हवे होते." ते मागे वळले. गाडी उभी असताना ते प्रथमच पूर्ण मागे वळून आमच्याकडे बघत होते. "छायाबाई, तुमचे राहिलेत. खरे द्या."

या प्रश्नाला दोन्हीकडून कुलूप होतं. पाच दिले असते तर छत्तीस वर्षांचा हिशोब बरोबर आला असता. काही सोडून आलोच नाही, असं म्हणत हा माणूस रिटायर झाला असता. जास्त दिले तर काय सोडून आलो ते त्यांना कायमचं कळणार होतं. मला त्यांची दया आली, हे खरं. पण ऑडिटमध्ये दयेसाठी रकाना नसतो, आणि जो माणूस स्वतः दमलेला ड्रमवाला ओळखतो त्याला दयेचे मार्क ऐकताक्षणी ओळखू येतात.

"नऊ," मी म्हणाले.

ते पुन्हा पुढे वळले.

 मग त्यांनी फोन मागे परेशकडे दिला. "राहिलला लिही. नऊ, आठ, नऊ. तीन वेगवेगळ्या माणसांनी दिलेत, माझं नाव माहीत नसताना, असं लिही."

"छायाताईंना माहीत होतं," परेश म्हणाला.

"त्यांना माहीत असून नसतं. लिही."

परेशने लिहिलं, पाठवलं. मिरजेत साडेआठ वाजून गेले असणार. दोन मिनिटांत उत्तर आलं, बोलून पाठवलेलं. परेशने दाबलं आणि फोन गाडीला जोडलेला असल्यामुळे तो आवाज चारही स्पीकरमधून आला. आधी हसणं. जाड, खोकल्यात मोडणारं, तरी त्यात टेपवरचा गाणारा ओळखू येत होता. मागे कुठेतरी लाकूड घासल्याचा आवाज.

"नऊ? अरे देवमाणसा, मग तू गेलास कशाला?"

रागाने नाही विचारलं. खरंच विचारलं. म्हणून तर कोणाला कुठे बघावं ते कळेना. दार उघडून खाली उतरावं तर धुक्यात गाड्या. विनिताने पर्समधून काहीतरी शोधायला घेतलं, जे पर्समध्ये नव्हतं.

पुढचे लाल दिवे हलले. हेमचंद्ररावांनी गाडी सोडली, वीस हात सरकवली, पुन्हा थांबवली.

"लिही," ते म्हणाले. "तेव्हा कळलं नव्हतं रे आम्हाला, की चांगलं आहे."

परेशच्या बोटांची टकटक ऐकू आली. "पाठवू, सर?"

"थांब." त्यांनी काचेवरचा पाण्याचा थर एकदा वायपरने पुसला. पुसून काही वेगळं दिसलं नाही. "त्याला कळलं होतं. आम्हाला नको. मला कळलं नव्हतं, असं कर."

परेशने केलं आणि पाठवलं. पलीकडून वाचल्याच्या निळ्या खुणा लगेच आल्या. त्यानंतर काही आलं नाही. रांग हळूहळू चालायला लागली. आम्हीही चाललो, कारण मागे गाड्या होत्या, आणि त्या पट्ट्यात वळून मागे फिरायला पुढचे अकरा किलोमीटर जागा नाही.