ढब्बू माझ्याखाली राहायला आला

मित्रांनो, तुमच्यापैकी किती जणांनी हारा पाहिला असेल याची मला शंकाच आहे. प्लॅस्टिकचे क्रेट आल्यापासून आमची विचारपूस कुणी करत नाही. म्हणून आधी ओळख करून देतो. बांबूच्या कामट्यांनी विणलेली मोठी, खोलगट टोपली म्हणजे हारा. मी त्यातलाच एक. रंग काळवंडला आहे, कडेच्या कामट्या सुटल्या आहेत, पण माझी वीण अजून घट्ट आहे. स्वतःची स्तुती स्वतःच करतो आहे, कारण दुसरं कुणी करत नाही.

मला दौंडच्या धुरपदाबाईंनी विणलं. त्यांच्या हातात कामटी वळायची तशी मी पुन्हा कुणाच्या हातात वळलेली पाहिली नाही. तिथून मी कासुर्डीला हौसरावांच्या मळ्यात आलो. घरात आणि वस्तीवर त्यांना सगळे आप्पाच म्हणतात. आप्पांच्या मळ्यातली मेथी, कोथिंबीर, वांगी माझ्यात बसून यवतच्या बाजाराला जायची. बाजारात लोक भाजीआधी मला हात लावून बघत आणि म्हणत, "आप्पा, हारा झ्याक हाय तुमचा." तेव्हा माझी ऐट काय सांगावी!

पुढे क्रेट आले आणि माझी बढती झाली ती थेट कोंबड्यांवर. म्हणजे कोंबड्या खाली आणि मी त्यांच्यावर उपडा. सुरुवातीला मला फार अपमान वाटला. भाजीबाजारातला मानकरी मी, आणि माझ्यात या बयांनी नको ते करावं? पण हळूहळू ते काम आवडू लागलं. बाहेर मांजर फिरत असताना आत पिल्लं आईच्या पंखाखाली शिरून गप्प झोपत. ती शांतता माझ्यामुळे आहे हे मला ठाऊक असायचं.

मग घरी जाळीचं खुराडं आलं. एका कुत्र्यानं माझी कड कुरतडून तिथे मोठं भगदाड पाडलं, आणि माझी रवानगी पडवीत बंबाशेजारी झाली. बंब म्हणजे आंघोळीचं पाणी तापवायचं भांडं. त्याच्या पोटात रोज सकाळी जळण जातं. आज ना उद्या आपलाही नंबर लागणार, हे ओळखून मी पडून होतो.

अशात एका शनिवारी संध्याकाळी दौंडच्या रेल्वे कॉलनीत राहणारा सत्यजीतमामा एक खोका घेऊन आला. आप्पांची नात सृष्टी चौथीत शिकते. मामा तिचा फार लाडका. खोक्यातून त्यानं एक गोलमटोल, तपकिरी-पांढरं, बिनशेपटीचं जनावर काढलं. ते होतं गिनीपिग. मामाच्या शेजाऱ्यांची बदली झाली म्हणून ते त्याच्याकडे आलं होतं. सृष्टीनं त्याला बघताक्षणी त्याचं नाव ढब्बू ठेवलं. मळ्यातली ढब्बू मिरची तिनं लहानपणापासून पाहिलेली, दुसरं नाव सुचणार तरी कसं?

"लई भित्रं हाय बरं का," मामा म्हणाला. "जरा सांभाळून."

आता आप्पांची एक रीत आहे. त्यांच्या दारात नवं जनावर आलं की ते पाहुण्यासारखं येतं. गाय असो, म्हैस असो, शेळी असो. तिच्या पायावर पाणी घालायचं, हळदकुंकू लावायचं, भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, गूळ द्यायचा. शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून दाखवायचं. आणि दृष्ट लागू नये म्हणून गळ्यात काळा दोरा आणि घुंगरू बांधायचं. मी स्वतः पाहिलं आहे, बुजलेल्या गाईसुद्धा या पाहुणचारानं दोन दिवसांत आप्पांचा हात चाटायला लागतात.

आप्पांनी ढब्बूचा पाहुणचार तसाच केला, तसूभरही कमी नाही. त्याच्या चिमुकल्या पायांवर पाणी पडलं. कपाळावर कुंकू लागलं. वस्तीवरची सगळी माणसं पडवीत गोळा झाली. कुणी म्हणालं ससा हाय, कुणी म्हणालं घूस हाय. हात पुढे येत होते, ढब्बूला या मांडीवरून त्या मांडीवर फिरवत होते. शेवटी आप्पांनी त्याच्या गळ्यात बारीक घुंगरू बांधलं आणि समाधानानं म्हणाले, "आता झालं हे घरचं."

ढब्बू मात्र दगड झाला होता. डोळे उघडे, पण हालचाल नाही. माणसं पांगली, मामा गाडीला गेला, तरी तो टाकला तिथेच बसून. तेवढ्यात मांजर पायरीवर येऊन टपून बसलं. सृष्टीच्या आईनं, अनितानं, ते पाहिलं आणि हाताला आलं ते उचलून ढब्बूवर उपडं घातलं. हाताला आलो तो मी होतो. माझ्या भगदाडातून तिनं लसूणघासाची, म्हणजे हिरव्या चाऱ्याची, जुडी आत सारली, वर एक वीट ठेवली आणि मांजर शिरू नये म्हणून दुसरी वीट भगदाडाला लावली.

मित्रांनो, खूप दिवसांनी माझ्या पोटात जीव होता. पण तो जीव खात नव्हता. का खात नव्हता ते मला तिथेच कळलं. घास त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर होता. तो हळूच एक पाऊल टाकायचा, गळ्यातलं घुंगरू किणकिणायचं, आणि कुणी आलं असं वाटून तो पुन्हा थिजायचा. स्वतःच्याच आवाजाला भीत होता बिचारा. मला सगळं समजत होतं, पण सांगणार कसं? एवढा हतबल मी कधी झालो नव्हतो.

सकाळी सृष्टीनं वीट बाजूला करून माझ्या भगदाडातून आत पाहिलं. घास तसाच होता. तिनं रडवेली होऊन मामाला फोन लावला.

मामा म्हणाला, "ह्यांचं पोट रिकामं राहून चालत न्हाई गं. जीवावर बेततं. मी दुपारी येतो. तोवर खाल्लं न्हाई तर दौंडला डॉक्टरला दाखवतो आन् मग तिकडंच कुणाकडं तरी देतो."

सृष्टी दर पाच मिनिटांनी मला उचलून आत बघू लागली. मी वर गेलो की ढब्बू थरथरायचा. शेवटी अनिता म्हणाली, "अंड्यांवर बसलेल्या खुडूक कोंबडीला आपण सारखं उचलून बघतो का? न्हाई ना? आन् बघितलं तर ती अंडी सोडून पळती. तू हितंच बस, तुझा अभ्यास कर. पर बघू नको, बोलू नको."

न बघणं किती अवघड असतं, हे त्या दिवशी सृष्टीला कळलं असेल. ती माझ्याशेजारी मांडी घालून बसली. गणितं सोडवायला घेतली. तिची मान सारखी वळायची आणि ती निग्रहानं पुन्हा वहीत घालायची. आप्पा मळ्यात गेले होते. पडवी शांत झाली. आणि त्या शांततेत आतून आवाज आला. किण. मग काहीच नाही. बऱ्याच वेळानं पुन्हा, किण. मग काहीच नाही.

सृष्टीची पेन्सिल थांबली. शाबास पोरी, मी मनात म्हणालो, ऐक, नीट ऐक. तिसऱ्यांदा किणकिण झाली तेव्हा ती ताडकन उठली, आणि लगेच परत बसली. तिची अडचण माझ्या लक्षात आली. ते घुंगरू आप्पांनी बांधलं होतं. आप्पांचा दोरा आजवर घरात कुणी काढला नव्हता.

आप्पा मळ्यातून आले, हातपाय धुतले आणि पडवीत टेकले. सृष्टी त्यांच्याजवळ जाऊन हळू आवाजात म्हणाली, "आप्पा, रागवू नका. ढब्बूला घुंगराची भीती वाटतीय. हलला की वाजतंय, म्हणून त्यो हलतच न्हाई. म्हणून उपाशी हाय."

 आप्पा माझ्याजवळ आले आणि ओणवे होऊन कान लावून बसले. किण, असा आवाज आला आणि थांबला. आप्पांचा चेहरा उतरला. माझ्या जुन्या मालकाचं ते तोंड बघून मला फार वाईट वाटलं.

"गाईला घुंगराचा आधार वाटतो गं," ते म्हणाले. "म्या समजलो, समद्या जनावरांना वाटत आसंल." मग त्यांनी मला अलगद तिरका केला, जाड बोटांनी त्या दोऱ्याची गाठ सोडवली, आणि घुंगरू खिशात टाकलं. "खा बाबा आता. चुकलं माझं."

मी पुन्हा उपडा झालो. बराच वेळ काही घडलं नाही. मग आतून कुरूकुरू आवाज सुरू झाला. आधी एक पान, मग दुसरं. मित्रांनो, भाजीबाजारातल्या सगळ्या कौतुकापेक्षा तो आवाज मला गोड लागला. सृष्टीनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं, हसू बाहेर पडू नये म्हणून. आप्पा तर बाहेर पायरीवर जाऊन बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तिथूनच सांगू लागले, "आज न्हाई. पाव्हणा जेवतोय."

दुपारी मामा खोका घेऊन आला. "खातंय व्हय? बरं झालं," तो म्हणाला. "पर अजून बुजलेलंच दिसतंय. भगदाडातून बाहेर कुठं येतंय? न्यावं का मी? सृष्टे, तूच सांग. तुझ्या हौसेपायी त्याचे हाल नको व्हायला."

 सृष्टीला हो म्हणवेना, आणि नाही म्हणायची तिची छाती होईना. तिचे डोळे भरून आले, पण ती माझ्याशेजारी मांडी घालून बसली होती तशीच बसून राहिली. मामानं खोका उघडून ठेवला आणि मला वर उचललं.

उजेड आत शिरला. ढब्बू दचकला, गरकन वळला आणि धावत सुटला. मला वाटलं, आता हा खोक्यात तरी शिरेल, नाहीतर जळणाच्या ढिगात. पण तो सरळ सृष्टीकडे गेला आणि तिच्या वाकलेल्या गुडघ्याखाली घुसून बसला. फक्त त्याचं तपकिरी बूड तेवढं बाहेर दिसत होतं. सृष्टीनं त्याला हात लावला नाही. श्वाससुद्धा तिनं जपून घेतला.

मामानं ते पाहिलं. मग त्यानं रिकामाच खोका बंद केला.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी, वर्गात, गल्लीत कुणी नवं आलं आणि ते घाबरलेलं असलं, तर त्याच्याभोवती गर्दी करू नका. त्याच्या शेजारी आपलं काम करत बसा, आणि त्याचं त्याला येऊ द्या. मी त्या वेळी पडवीत उताणा पडलो होतो, पोटात कुणी नव्हतं, आणि रिकामं असल्याचं मला जन्मात पहिल्यांदाच काही वाटलं नाही.