चिमणी गल्ली, घर क्रमांक सतरा

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी परतपाठवणी कचेरीच्या तिसऱ्या खिडकीवर घड्याळजीने अर्ज सरकवला. साम्राज्य बुडून आठ महिने झाले होते. ज्यांचे पणजोबा समुद्रापलीकडून सत्ता गाजवायला आले, त्यांनी वर्षाच्या आत पणजोबांच्या घरी परत जायचे, असा नव्या सरकारचा हुकूम होता.

कारकूनबाईंनी सवयीने अर्जाची पिवळी प्रत फाडून टपालाच्या थैलीत टाकली. घर रिकामे करा, ही तिकडच्या कचेरीला सूचना. थैली गेली. मग त्यांनी पत्ता वाचला. चिमणी गल्ली, घर क्रमांक सतरा.

तिथे त्यांचा सख्खा मामा राहत होता.

इकडून तिकडे मजुरीला गेलेली हजारो माणसे तिथल्या ओस घरांत ठाण मांडून बसली होती. जुना वारस आला की त्यांनी इकडच्या जवळच्या नातलगाकडे परतायचे, असे कलम होते. मामाने नातलग म्हणून कोणाचे नाव दिले असेल, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

बाईंच्या दोन खोल्यांत चार माणसे होती. मामा मागे आठ दिवसांसाठी आला तो पाच महिने राहिला. तेवढ्या काळात त्याने सासूबाईंना चालायचे कसे ते शिकवले आणि नवऱ्याला चांगली नोकरी सोडायला लावली.

"तुम्हाला जायचंच आहे का हो?" बाईंनी आवाज खाली आणला.

"छे! मला बोट नुसती बघून मळमळतं. तिकडे मला काळं कुत्रंही ओळखत नाही."

"मग कलम नऊ लावा. गावाला ज्याच्यावाचून चालत नाही, तो कारागीर राहू शकतो. चौकातलं घड्याळ तुमच्याकडेच ना?"

"आहे. पण आठ महिने बंद आहे. सुटे भाग तिकडून यायचे."

"साहेब शुक्रवारी तपासायला येतील. तोवर चालवा."

"कसं चालवू, बाई?"

"ते मी बघते."

शुक्रवारी अकराला साहेब चौकात उभे राहिले. घड्याळजी शेजारी घाम पुसत होता. वर मनोऱ्यात बाईंचा नवरा तबकडीमागे बसून मनगटावरच्या घड्याळाबरहुकूम काटा ढकलत होता.

"मामा येऊ नये म्हणून मी हे करतोय, हे कोणाला सांगू नकोस," त्याने बजावले होते.

"सांगायला तोंड आहे का मला?" बाई म्हणाल्या होत्या.

अकरा वाजून सात मिनिटांनी मनोऱ्यात कोणीतरी सणसणीत शिंकले आणि अकरा वाजून वीस झाले.

साहेबांनी वर पाहिले, घड्याळजीकडे पाहिले. "घड्याळाला सर्दी झालीय?"

"जुनं आहे, साहेब. धूळ सोसत नाही."

साहेबांनी शेरा न लिहिताच फाइल काखोटीला मारली. ती अजून त्यांच्याच टेबलावर आहे. काल दुपारी चार वाजता बाईंच्या नावाने तार आली. तीत एवढेच आहे: "सामान बोटीवर चढवले. मामा."

मामा चढला की नाही, ते तारेत नाही.